तारेची इर्जिक

लग्न होऊन हिंगोलीजवळच्या नरसीला आले, तेव्हा पहिलं वर्षभर मी आमच्या ह्यांच्यावर मनातून धुसफुसत होते. परसात आम्ही दोघंच असताना मी हाक मारावी, तर ह्यांना ऐकू येत नसे. तेच मामांजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुढच्या ओसरीवर नुसतं खाकरलं की हे हातातलं काम टाकून धावत. बायकोची हाक ऐकू येत नाही आणि बापाचं खाकरणं येतं! माहेरी सांगावं तर आई म्हणाली असती, पुरुष असेच असतात. म्हणून कुणाला काही सांगितलं नाही, नुसती फुगून बसायची. फुगण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे.

खरं कारण मला पुढच्या दिवाळीत कळलं. हैदराबादेला कॉलेजात असताना ह्यांना मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, पण कान दुबळे करून गेला. बारीक, उंच आवाज आधी गेले, जाड आवाज तेवढे राहिले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की उरलेलंही हळूहळू जाईल आणि त्यावर औषध नाही. माझा आवाज बारीक आणि मामांजींचा भरदार, इतकी साधी गोष्ट. मी इतके महिने कशावर रुसले होते ते कळलं तेव्हा मला हसूही आलं आणि रडूही. त्या दिवसापासून मी ह्यांच्याशी घोगऱ्या आवाजात बोलू लागले. आमच्या खोलीतून येणारा तो आवाज ऐकून सासूबाईंनी मला कितीतरी दिवस आल्याचा काढा पाजला.

हैदराबादेहून येताना ह्यांनी एक लाकडी पेटी आणली होती. तिच्यात काचेच्या नळ्या, तारांची वेटोळी आणि एक पितळी चावी. ती चावी दाबून कट्ट-कडकट्ट केलं की तारेविना लांबच्या माणसाला निरोप जातो, आणि त्याचं कट्ट-कडकट्ट आपल्याला हेडफोनमध्ये शिट्टीसारखं ऐकू येतं. असे हौशी लोक जगभर आहेत, एकमेकांचं तोंड न बघता गप्पा मारतात, असं हे सांगायचे. ह्यांच्या नावाचा रीतसर परवानाही आला होता. हे सगळं मला पटायला वेळ लागला. पण ह्यांचं एक वाक्य ऐकलं त्या दिवशी पटवून घ्यावंच लागलं. हे म्हणाले, "कान आहेत तोवर समुद्रापलीकडचं एक उत्तर मला माझ्या कानांनी ऐकायचं आहे. मग गेले तर गेले."

त्यातही ह्यांना सोपं काही नकोच. आखूड लहरी म्हणे भरदिवसाही कुठल्या कुठे जातात. ह्यांचा जीव लांब लहरींवर. दिवसा ऊन त्यांना गिळून टाकतं. दिवस मावळला की त्या सुटतात, थंडीच्या दिवसांत जास्त लांब जातात. आणि त्यांना वर तारही लांबलचक लागते. मामांजींनी कयाधूकाठचा एक तुकडा त्या वर्षी पड ठेवला होता. तिथे ह्यांनी बांबूला बांबू जोडून एक उंच काठी उभी केली आणि तिच्या शेंड्यापासून बांधावरच्या कडुलिंबापर्यंत तांब्याची तार ताणली. तार झाडाला टेकू नये म्हणून मध्ये बाटलीचे गळे अडकवले होते. काठीच्या पायथ्याशी कुडाची खोपी, खोपीत पेटी. बॅटऱ्या हिंगोलीच्या कापसाच्या जिनातल्या इंजिनावर भरून आणायच्या, बैलगाडीत कडब्यात जपून ठेवून.

नरसीच्या देवाला आलेले लोक रस्त्याने जाताना ती काठी बघून हात जोडायचे. एका बाईने तर मला विचारलं, "कोण्या देवाचं निशाण हाय माय हे?" मी म्हटलं, "अजून प्रसन्न झाला न्हाई, झाला की सांगते." ती बाई बिचारी काठीला नारळ फोडून गेली. खोबरं आम्ही खाल्लं.

आता घरातली रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही. जेवताना ह्यांना मीठ हवं असलं तरी मागायचं सासूबाईंकडे. एकदा ह्यांनी वाटीवर बोटाने हळूच टकटक केली. खोलीत आल्यावर सांगितलं, हे 'मीठ' होतं. मी म्हटलं, मला शिकवा. दुसरी काही करमणूक नव्हती मला. मराठी चौथीपर्यंत माझं शिक्षण. इंग्रजी अक्षरं मला डोळ्यांनी ओळखता यायच्या आधी कानांनी ओळखता आली. कट्ट-कडकट्ट म्हणजे ए, हे आधी; ए दिसतो कसा, ते मागाहून.

महिन्या-दोन महिन्यांत आमचा संसार वाटीवर बोलू लागला. हे वाटी वाजवायचे, मी पळीने पातेल्याला उत्तर द्यायची. "भात करपला." "चालेल." "आज बांगड्या छान." हे शेवटचं ऐकून माझ्या हातून आमटी सांडली. सासूबाई वैतागायच्या. "काय लेकराला सवय लागली ही, ताट वाजवायची!" पण बाई हुशार. टकटक झाली की मागोमाग मीठ येतं, हे त्यांनी हेरलं. एक दिवस ह्यांनी बोट उचलताच त्याच म्हणाल्या, "मिठाचं भांडं जवळच हाय. काहून पोरीला सारखं उठवून राहिला?" मामांजी खाली बघून जेवत राहिले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

पुढे मी खोपीत जाऊ लागले ते ह्यांच्या कानांमुळेच. हेडफोनमधली शिट्टी बारीक असली की ह्यांना ती लागत नसे. पेटीचं एक चाक जरासं फिरवलं की तीच शिट्टी जाड होते, आणि जाड झाली की ह्यांना येते. पण जाड आवाजात खरखरही फार मिसळते आणि लांबचा आवाज तिच्यात बुडतो. म्हणून आम्ही काम वाटून घेतलं. बारीक शिट्टी शोधायची मी, अक्षरं पाटीवर लिहायची मी. मग शिट्टी जाड करून ह्यांना ऐकवायची. चावी ह्यांची, कान माझे. हेडफोनची जोडी एकच, तेव्हा एक तुकडा माझ्या कानाला, एक ह्यांच्या. डोक्याला डोकं लावून बसायचं. सासूबाई दिवा घेऊन खोपीच्या दाराशी आल्या की पदर डोळ्यांवर ओढून परत फिरायच्या.

दिवेलागणीला सुनेने देवापाशी असावं, ही दुसरी रीत. आणि नेमकी तीच आमच्या लहरींची वेळ. मी दिवा लावून, हळद-कुंकू वाहून, अर्धा नमस्कार करून शेताकडे पळायची. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "देवाचं मी बघते. तू जा बाई तुज्या शिट्टीकडं. पण डोक्यावरचा पदर पडू दिऊ नको, आणि पोराला काय ऐकू आलं तर आधी मला सांग." त्यांनाही ते डॉक्टरांचं म्हणणं माहीत होतं. तोंडातून कधी काढलं नाही एवढंच.

मद्रास आलं, नागपूर आलं. एकदा लंकेहून उत्तर आलं तेव्हा मी टाळ्याच पिटल्या. समुद्र ओलांडला की! पण हे खूश होईनात. लंका म्हणजे समुद्रात पाय बुडवल्यासारखं, म्हणे. मामांजींना सांगितलं तर तेही म्हणाले, "लंकेला तर वानरंबी गेली व्हती." बाप-लेक दोघेही सारखे, कशाचं कौतुक म्हणून नाही.

दुसऱ्या थंडीपर्यंत ह्यांचे कान आणखी उतरले. पूर्वी यायचे ते बैलांच्या गळ्यातले घुंगरू येईनासे झाले. मी बघितलं, हे गोठ्यात उभे राहून हाताने घुंगरू हलवून बघत होते. त्या रात्री जेवताना वाटी वाजली नाही. मी पळी वाजवली, तरी उत्तर आलं नाही. मला फार भीती वाटली त्या दिवशी.

त्याच आठवड्यात हे म्हणाले की दोष आपल्या वरच्या तारेत नाही, खालच्या जमिनीत आहे. वरची तार अर्धीच, तिचा दुसरा अर्धा भाग जमिनीत असायला हवा. काठीच्या पायथ्यापासून चारी दिशांना, गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या, तारा पुरायच्या. जितक्या जास्त तितकं बरं. मी म्हटलं, एवढं शेत खणणार कोण? हे म्हणाले, इर्जिक घालू.

इर्जिक आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. कुणाचं शेत मागे पडलं, कुणाकडे बैल नाहीत, की त्याने गावाला सांगायचं. ज्याच्याकडे बैल आहेत तो बैल घेऊन येतो, सगळे मिळून एका दिवसात शेत नांगरून देतात, आणि त्याने सगळ्यांना गोडाचं जेवण घालायचं. पण आजवर इर्जिक ज्वारीसाठी झाली होती, कपाशीसाठी झाली होती. तारेसाठी झालेली नव्हती. मामांजी आधी 'न्हाई' म्हणाले. लोक काय म्हणतील? हे उठून गेल्यावर सासूबाई त्यांना म्हणाल्या, "लोक म्हणतील ते तुमाला ऐकू येईल. पोराला न्हाई येणार उद्या." मामांजींनी डोक्याला पागोटं बांधलं आणि ते स्वतः गावात सांगायला गेले.

काय दिवस तो! नांगरच नांगर. पण बैलांना आणि माणसांना सवय नांगराच्या सरळ तासांची, एका चराला लागून दुसरा चर. इथे प्रत्येक तास मधल्या काठीपासून निघून बाहेर जायचा. बैल बांधापर्यंत गेले की आपोआप वळून लगतचा तास धरायचे, आणि माणसं ओरडायची, "आरं, काठीकडं, काठीकडं!" एक म्हातारे म्हणाले, "सारी उमर नांगर धरला, पर असं वाकडं नांगरणं आज पाह्यलं." नांगरामागून आम्ही बायका तार सोडत चाललो होतो, पेरणीला सरत्यातून दाणे सोडतात तशा. पेरणीच्या वेळी म्हणतात ती गाणीही बायकांनी म्हटली. तारेला काय पिकणार, असं एकीने विचारलं. दुसरी म्हणाली, "तारच पिकंल की, बाजारात विकू." दिवसभर हसून हसून पोट दुखलं. दुपारी पुरणपोळ्या आणि येसराची आमटी. ह्यांनी वाढताना प्रत्येकाचे हात धरून आभार मानले. जे ऐकू येत नव्हतं ते ह्यांना हातांवरून कळत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शेतावर गेलो, तर शेत आरशासारखं सपाट. ह्यांचे चुलते, मोठे मायाळू गृहस्थ, बांधावर घाम पुसत बसले होते. आदल्या दिवशी ते परगावी होते, इर्जिकीला यायला जमलं नव्हतं. त्याची भरपाई म्हणून पहाटेच आपला वखर घेऊन आले होते. "तास उघडेच ठिवले की तुमी लोकांनी," ते म्हणाले. "काळी जमीन अशी उघडी टाकतात व्हय? सारी ओल उडून जाईल. म्या वखर फिरवून झाकून दिलं बराबर. आन् हरळी किती ती! वखराच्या पात्यात गुतून राह्यली व्हती. सारी वेचून काढली." त्यांनी बोट दाखवलं तिकडे बांधावर, हरळीचा ढीग करतात तसा, आमच्या सगळ्या तारांचा गुंता रचून ठेवला होता.

वय झालेल्या त्या माणसाला मातीने माखलेली तार हरळीची मुळी वाटली, यात नवल नव्हतं. आणि नांगरलेलं रान झाकायचं हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. पण मला काही ते तेव्हा सुचलं नाही. मी पदर खोचला आणि बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात हे हसायला लागले. मटकन बांधावर बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कितीतरी दिवसांनी हसत होते. चुलते बघत राहिले, मग काही न कळता तेही हसू लागले. मी उघडलेलं तोंड मिटलं.

चुलत्यांना खरं काय ते कळल्यावर मात्र ते दिवसभर जेवले नाहीत. मग मामांजींनीच हुकूम सोडला. गुंता बैलगाडीत घालून घरी आणला, अंगणात टाकला आणि गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. शेवया वळणाऱ्या हातांना तार सोडवायला काय लागतं? उन्हात बसून, गप्पा हाणत आम्ही तो सोडवला. तुटलेलं ह्यांनी जोडलं. आणि मामांजींनी दुसरी इर्जिक घातली, ह्या खेपेला स्वतःच्या नावाने. चुलते सगळ्यांत पुढे, सगळ्यांत खोल तास त्यांचे. तारा झाकल्या त्याही त्यांनीच, पायाने, वखराला हात न लावता. मग बांधावर घोंगडी टाकून बसले आणि कुणाचं औत शेतात येऊ देईनात.

पुढे लढाई लागली, परवाने रद्द झाले, पेटी सरकारात जमा करावी लागली. पण ते नंतर. त्या पौषात आमच्याजवळ पेटी होती आणि ह्यांच्या कानांत थोडी धुगधुगी होती.

दिवस नुकताच मावळला होता. नदीकाठी कुणीतरी हुरडा भाजत होतं, त्याचा वास खोपीत येत होता. ह्यांनी चावीवर साद घातली आणि थांबले. मी चाक हळू फिरवत होते. खरखर, खरखर, आणि तिच्या पार पलीकडे, सुईच्या टोकाएवढी एक शिट्टी. तिने आमचीच खूण, परवान्यावर मिळालेली आमची अक्षरं, म्हटली. मी ती पाटीवर लिहिली. मग तिने तिची खूण सांगितली, तीही लिहिली. खुणेच्या पहिल्या अक्षरांवरून देश कळतो. ह्यांनी पाटी बघितली. "न्यूझीलंड," हे म्हणाले. "समुद्र संपतात तिथे आहे ते." मग चावी दाबून ह्यांनी उत्तर दिलं, चूक न करता.

आता त्या माणसाची पाळी. मला माहीत होतं, बारीक शिट्टीवर ठेवलं तर तो बोलेल ते सगळं मला मिळेल. जाड केली तर हे ऐकतील, पण खरखरीत ती बुडालीच तर परत सापडणार नाही, आणि उत्तर हातचं जाईल. विचारायला वेळ नव्हता. ह्यांनी कान इतका दाबून धरला होता की बोटं पांढरी पडली होती, आणि चेहऱ्यावरून कळत होतं की काहीही ऐकू येत नाहीये. मी चाक फिरवलं. शिट्टी खाली आली, जाड झाली, खरखरीत शिरली. मला ती ऐकू येईनाशी झाली. देवा, घालवली मी, असं मनात आलं.

ह्यांनी मान वर केली. डोळे मिटलेले. ह्यांचं बोट माझ्या मनगटावर टकटक करू लागलं. मला खरखरीत जे ऐकू येत नव्हतं ते, जाड आवाजांनाच सरावलेल्या कानांनी, हे ऐकत होते आणि माझ्या हातावर वाजवत होते. आमची खूण. एकदा, आणि परत एकदा. बोट थांबलं. पुढचं खरंच बुडालं होतं.

मी म्हटलं, घोगऱ्या आवाजात, "परत जाड करून बघू? थोडं अजून येईल तुम्हाला."

"नको," हे म्हणाले. "मला हवं होतं ते मिळालं." आणि स्वतःच्या कानावरचा तुकडा काढून ह्यांनी माझ्या दुसऱ्या कानावर बसवला, डोक्यावरचा पदर नीट करून. "इथून पुढचं तू ऐक."

मी शिट्टी बारीक केली. होती, तिथेच होती. दोन्ही कानांनी मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. मी लिहू लागले. डोळे इतके भरून आले होते की पाटी मला दिसतच नव्हती, नुसता हात चालत होता. ह्यांना दिसत होती. खोपीच्या दाराशी मामांजी, सासूबाई आणि चुलते येऊन उभे होते, आणि हे पाटीवरचं एकेक अक्षर जुळवून, इंग्रजीचं मराठी करून त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते, "तिकडं उन्हाळा हाय म्हणतो. मेंढ्या कातरून झाल्या म्हणतो. तुमचा आवाज चांगला येऊन राहिला म्हणतो."